पीएचपी बंद पडलेली नाही, तेवढी दुरुस्ती छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पान पाचवर एक लेख आला होता, कोकणातले धंदेवाले वेबसाइटच्या बाबतीत अजून पंधरा वर्षं मागे कसे आहेत त्यावर. त्यात एक वाक्य होतं की पीएचपीसारख्या बंद पडलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत आपल्याकडच्या साइटी अजून चालतात. सोमवारी सकाळी साडेआठला, ज्यांची साइट मी याच भाषेत करून दिलीय ते आमच्या देवगडातले एक बागायतदार काका ते पान चार घड्या घालून खिशात घेऊन माझ्या दारात हजर. मी अजून चहाच घेत होतो. "ह्या वाच," म्हणाले, "बंद पडलेली वस्तू माझ्या गळ्यात बांधलंस रे झिला?"

मी त्यांना सांगितलं की काका, काही बंद पडलेलं नाही, ही भाषा 1995 साली बाहेर आली हे खरं पण अजून तिची दरवर्षी साधारण नोव्हेंबरात नवी आवृत्ती येते, तुमच्या मोबाइलवर फेसबुक आहे ना ते सुरुवातीला याच भाषेत लिहिलेलं, विकिपीडिया अजून हिच्यावर चालतो, आणि ज्या साइटींची सर्व्हरवरची (म्हणजे साइट जिथून येते त्या कॉम्प्युटरवरची) भाषा कळते त्यातल्या निम्म्याहून कितीतरी जास्त हिच्यातच आहेत. काका ऐकून घेऊन म्हणाले, "मगे पेपरात खोटां कित्याक लिवतले?" याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून हे पत्र.

मी 2009 पासून देवगड-जामसंडे भागात साइटी आणि छोटेमोठे प्रोग्राम करून देतो. आंबेवाले, पल्पवाले, मालवण-तारकर्लीकडचे होमस्टे, स्कूबावाले, एक-दोन पतसंस्था. त्यातलं बहुतेक काम पीएचपी, मायएसक्यूएल (माहिती साठवायला), वर्डप्रेस (साइट बनवायचा तयार सांगाडा) आणि जेक्वेरीचं (ब्राउझरमध्ये पान हलतं-बोलतं करणारा तयार कोड), म्हणजे लेखकाने ज्यांना जुनाट म्हटलंय तेच सगळं. लेखकाचं सगळं चूक आहे असं माझं म्हणणं नाही, त्याच्यावर खाली येतोच. पण त्यांनी कारण दिलंय की इथल्या लोकांना नव्याची भीती आणि आळस, ते मला पटलं नाही. ज्या माणसाने 20 गुंठ्यात ड्रिप केलंय, ड्रोनने फवारणी करून बघितलीय, जो गुजरातच्या पार्टीशी रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर भाव ठरवतो, तो फक्त वेबसाइटच्या बाबतीतच घाबरट कसा असेल?

काकांचंच उदाहरण देतो. त्यांचा ऑर्डरचा प्रोग्राम मी 2011 ला केला. तेव्हा तो चार पानांचा होता, नाव, पत्ता, किती डझन, पैसे आले का. आज त्याच्यात काय काय आहे ते मला स्वतःला पण उघडून बघावं लागतं. होळीच्या आत ज्यांनी बुकिंग केलं त्यांना बुकिंगचाच दर अक्षय तृतीयेपर्यंत, मग बाजारात दर कितीही चढो. पुण्याच्या पेट्या लक्झरीने, कोल्हापूरच्या एसटी पार्सलने, आणि एका ठराविक वारी ती गाडी पार्सल घेत नाही म्हणून त्या दिवशीची ऑर्डर आपोआप दुसऱ्या दिवशीवर. ताज्या आंब्याला जीएसटी नाही पण पल्पच्या डब्याला आहे, त्यामुळे 2017 च्या जुलैपासून एका बिलात दोन्ही आले की वेगळं गणित. 2018 ला हापूसला जीआय (ठराविक भागाच्या मालाचं सरकारी मानांकन) मिळाल्यावर गिऱ्हाइकं नंबर विचारायला लागली, तर एक रकाना वाढवला, अर्ध्या तासाचं काम. हे कुठेही कागदावर लिहिलेलं नाही, ते सगळं त्या प्रोग्रामच्या पोटात आहे आणि थोडं काकांच्या डोक्यात.

आणि एक गंमत सांगतो. त्या प्रोग्राममध्ये एक ओळ आहे, दोन डझन मागितले की पॅकिंगच्या चिठ्ठीवर 24 नाही तर 25 फळं येतात. मागे माझ्याकडे एक पोरगा शिकायला होता, हुशार होता, त्याला वाटलं ही चूक आहे, त्याने ती "दुरुस्त" केली आणि मला सांगितलं पण नाही. आठ-दहा दिवस पेट्या 24 च्या हिशोबाने गेल्या. मग फोन सुरू झाले, की काका यंदा एक फळ कमी कसं, दोन आंब्यात साका (आतला खराब गर) निघाला, दरवर्षी तुम्ही जास्तीचं घालता. आता साका बाहेरून दिसतच नाही, फळ कापल्याशिवाय कळत नाही, म्हणून काकांच्या वडिलांपासूनची पद्धत आहे की दोन डझनाला एक फळ जादा टाकायचं, म्हणजे तक्रारच नको. मी ती पद्धत 2011 ला प्रोग्राममध्ये घातली आणि शेजारी एक शब्द पण लिहून ठेवला नाही. चूक माझीच. पण मला सांगा, उद्या कोणी मुंबई-पुण्याची कंपनी येऊन हा प्रोग्राम नव्याने, आजकालच्या रिअॅक्टमध्ये लिहून देणार असेल तर ती 25 वं फळ कुठून आणणार? काकांना विचारलं तर त्यांना पण ऐन वेळी आठवणार नाही, कारण ती त्यांच्या दृष्टीने सांगायची गोष्टच नाहीये.

मी नव्याच्या विरोधात आहे असं समजू नका. 2015 ला मी स्वतः एका होमस्टेवाल्याच्या गळी उतरवलं होतं की आता पीएचपी वगैरे सोडा, जगात साइटी बनवायला अँग्युलर जेएस चाललंय, गुगलचं आहे, पुढची वीस वर्षं चिंता नाही. अगदी या शब्दांत. माणूस भला, त्याने सीझनच्या कमाईतले पैसे दिले, मी चार महिने खपून बुकिंगची साइट केली, पान न बदलता तारखा बदलायच्या, फोटो सरकायचे, आम्ही दोघंही खूश. 2016 च्या सप्टेंबरमध्ये अँग्युलर 2 आलं, आणि ते जुन्याची पुढची आवृत्ती नव्हतंच, मुळापासून वेगळं होतं, आधीचा कोड सरळ उचलून त्याच्यात चालणारा नव्हता. मला परत सगळं लिहावं लागणार होतं आणि त्याच्याकडे परत पैसे मागायला माझं तोंड नव्हतं. तसंच ढकलत राहिलो. 2021 च्या अखेरीला जुन्या अँग्युलर जेएसचा सपोर्ट गुगलने कायमचा बंद केला. म्हणजे "बंद पडलेली" हा शब्द खरंच कुणाला लावायचा असेल तर तो मी नवीन म्हणून विकलेल्या वस्तूला लागतो. शेवटी ती साइट मी फुकटात वर्डप्रेसवर नेऊन दिली, आणि त्या माणसाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट जाताना सुरमई दिली, त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

मोठमोठ्या कंपन्यांचं पण यात हसं झालंय. नेटस्केप नावाचा ब्राउझर होता, 1997 ला त्याची चार नंबरची आवृत्ती आली, नंतर सगळा कोड टाकून देऊन नव्याने लिहायला घेतला, पाच नंबरची आवृत्ती बाजारात आलीच नाही, एकदम सहा नंबरची 2000 साली आली, तोपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने गिऱ्हाईक खाल्लं होतं. फेसबुकने उलटं केलं. 2004 पासूनचा पीएचपीचा ढिगारा टाकून दिला नाही, ती भाषाच आपल्या सोयीने वेगात चालवायला त्यांनी स्वतःची यंत्रणा बांधली आणि 2014 ला तिच्यातूनच हॅक नावाची भाषा काढली. त्यांच्याकडे हजारो इंजिनिअर होते, पैसा होता, तरी टाकून द्यायचं धाडस नाही केलं, आणि आमच्या काकांनी करावं? ते पण मार्चमध्ये?

हे मार्चचं लेखकाच्या लक्षातच आलेलं नाही. आंबेवाल्याचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत, तीन-साडेतीन महिने. होमस्टेवाल्याचा दिवाळी, नाताळ आणि मे. त्या काळात साइटला हात लावायचा म्हणजे चालत्या होडीची फळी काढण्यासारखं आहे. आणि पावसाळ्यात हात लावायचा म्हटलं तर तेव्हा मालकाकडे पैसे नसतात, लाइट नसते, आणि गणपती आले की माणूसच जागेवर नसतो.

दुसरी गोष्ट दुरुस्तीच्या हातांची. आमच्याकडची पोरं कॉम्प्युटरचं शिकतात, नवीनच शिकतात, चांगलंच आहे, आणि दोन वर्षांत हिंजवडीला नाहीतर बेंगळुरूला जातात. मी त्यांना अडवणारा कोण. पण मागे राहतो तो कोण, तर माझ्यासारखा पंचेचाळिशीतला, कणकवलीतला एक जण, मालवणातली एक मुलगी, असे पाच-सहा लोक. आम्हा सगळ्यांना पीएचपी येतं, जेक्वेरी येतं, एक आजारी पडला तर दुसरा रात्री साइट उघडून बघू शकतो. साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याची सामायिक जागा, वर्षाला दोन-अडीच हजारांत मिळतं, फाइल चढवली की चाललं. नवीन पद्धतीच्या प्रोजेक्टमध्ये शेकडो पॅकेजं, म्हणजे तयार कोडचे तुकडे, दुसऱ्या कोणाकोणाची, दोन वर्षांनी उघडलं तर ते बिल्डच होत नाही, म्हणजे चालण्यासारखं तयारच होत नाही. 2016 च्या मार्चमध्ये तर लेफ्टपॅड नावाचं एक पॅकेज त्याच्या मालकाने रागाने काढून घेतलं, उणीपुरी अकरा ओळींची वस्तू, आणि त्या दिवशी जगभरात हजारो प्रोजेक्ट अडकले. ते पुण्यातल्या टीमला झेपेल, आमच्या जामसंड्यात नाही.

रेंजचं तर बोलायलाच नको. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, आणि रेंज मिळायची ती सड्यावर (उंच कातळी माळावर) एका ठराविक दगडाशी, तिथे सगळं गाव मोबाइल घेऊन उभं. काकांनी तिथे उभं राहून आपलं जुनं पान उघडलं आणि कोणाकोणाचे आगाऊ पैसे आलेत ती यादी बघून एकेकाला फोन केले की आंबा पडलाय, पैसे परत करतो. ते पान उघडलं कारण ते साधं आहे, सर्व्हरवर तयार होऊन येतं, सोबत जेक्वेरीची तीसेक केबीची फाइल, ती पण आधीच मोबाइलमध्ये असते. आता कित्येक नव्या साइटी आधी एमबीच्या हिशोबात जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) उतरवतात आणि मग पांढऱ्या पानावर एक गोल गोल फिरतं. लेखकाने एकदा विजयदुर्गच्या रस्त्याला एसटीत बसून स्वतःची आवडती साइट उघडून बघावी.

अजून एक कारण आहे जे फक्त आपल्यासारख्यांना कळेल. युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखंच दिसणारं मराठी अक्षर, रुळायच्या आधी मराठी कसं टाइप करायचो आठवतंय ना? श्रीलिपी, शिवाजी, प्रत्येकाचा फाँट वेगळा, आणि मुळात ती इंग्रजीचीच अक्षरं, वरून मराठी कपडे घातलेली. बहुतेक मराठी पेपरांच्या साइटी वाचायला पण आधी फाँट उतरवून घ्यावा लागायचा, तुमच्या ऑफिसातल्या जुन्या माणसांना विचारा. एका संस्थेचा सभासदांचा डेटा असाच जुन्या फाँटमध्ये आहे, हजारो नावं. तो फाँट काढला की सगळी अगम्य चिन्हं. कन्व्हर्टर आहेत पण ते जोडाक्षरात आणि रफारात चुकतात, र्‍हस्व-दीर्घ गडबडतं, "कुर्ले"चं भलतंच काहीतरी होतं, आणि कर्जाच्या कागदावर नाव चुकलं तर पुढे कोर्टापर्यंत जातं. म्हणजे प्रत्येक नाव माणसाने डोळ्याने तपासायचं. त्याचे पैसे कोण देणार यावर तिथे तीन वर्षं सभा चाललीय. तोवर जुनाच प्रोग्राम.

आणि जुनं सोडू देत नाहीत ते कधीकधी वरचेच असतात. टेंडर भरायला, डिजिटल सही करायला, कित्येक वर्षं कितीतरी साइटी फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालायच्या. मायक्रोसॉफ्टने तो 15 जून 2022 ला निवृत्त केला, पण नव्या एज ब्राउझरमध्ये त्याच्यासाठी एक खास मोड ठेवला आणि निदान 2029 पर्यंत तो चालेल असं कबूल केलंय. का ठेवला असेल? जगभरच्या मोठमोठ्या ऑफिसांमध्ये आतल्या साइटी त्याच्यावरच अडकून आहेत म्हणूनच ना. म्हणजे मागासलेले आम्ही एकटे कोकणातलेच नाही.

आता लेखकाचं जे बरोबर आहे ते. जुनं वापरणं वेगळं आणि जुन्याकडे ढुंकून न बघणं वेगळं, आणि आपल्याकडे दुसरंच जास्त चालतं हे मला कबूल आहे. आमचं घर मंगलोरी कौलांचं, आजोबांच्या वेळचं, दरवर्षी मिरगाच्या आधी शाकारणी करतो, फुटकी कौलं काढायची, वासा कुजला असेल तर बदलायचा, आणि पावसात एक थेंब आत येत नाही. शेजारी कौलं काढून स्लॅब घातला, चौथ्या पावसात तो गळायला लागला आणि आता त्याच्यावर पत्रे आहेत. पण शाकारणी न करता सोडलेली कौलारू घरं पण गावात आहेत, त्यांची काय दशा आहे ती मुंबईकरांना गणपतीत आल्यावर दिसतेच.

साइटींचं डिट्टो तसंच. पीएचपी 5.6 चा सपोर्ट 31 डिसेंबर 2018 ला संपला. त्यानंतर त्याच्यात सापडलेली भोकं कोणी बुजवलेली नाहीत. तरी काही लोक त्याच्यावरच बसून होते, त्यात लाज सोडून सांगतो, माझ्याकडचे पण तीन होते. एका होस्टिंगवाल्याने मेलवर मेल पाठवले की आम्ही जुनी आवृत्ती काढतोय, बदल करून घ्या. ते मेल जात होते मालकाच्या भाच्याच्या जुन्या पत्त्यावर, कारण डोमेन (साइटचं नाव) त्याने घेतलेलं, आणि भाचा केव्हाच दुबईला गेलेला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन ऑर्डरींच्या तोंडावर, एका सकाळी साइटीचं नुसतं पांढरं पान. का, तर डेटाबेसशी बोलायच्या ज्या जुन्या कमांडी होत्या त्या पीएचपी 7 मधून काढून टाकल्यात, आणि पीएचपी 7 आलं होतं 2015 च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे मला बदल करायला वर्षानुवर्षं मिळाली होती, आणि काम निघालं दीड दिवसाचं. ते दीड दिवस मी जेवलो नाही, आणि मालक माझ्या मागे खुर्ची टाकून बसून होता, एक शब्द न बोलता.

तारकर्लीच्या एका साइटीचं वेगळंच. वर्डप्रेसवर होती, वर्डप्रेसमध्ये काही वाईट नाही, जगातल्या दहापैकी चार साइटी त्याच्यावर आहेत, पण म्हणूनच चोर पण त्याच्याच मागे. त्याचं एक प्लगिन, म्हणजे वरून जोडलेला भाग, चार वर्षं अपडेट केलेलं नाही, तिथून चोर आत शिरले. गुगलवर त्या होमस्टेचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरं यायची, शे-दोनशे पानं बुटांच्या जाहिरातींची. मालकाला वाटलं परदेशी टुरिस्ट वाढतायत. मी हसलो, पण ती पानं गुगलमधून पुसली जाईपर्यंत मे महिना संपला होता.

यात दोष पीएचपीचा किंवा वर्डप्रेसचा कुठे आला? पण मालकाला साइट म्हणजे एकदा पैसे दिले की झालं असं वाटतं, आणि आमच्यातल्या पुष्कळांना पण तेच सोयीचं पडतं, कारण दरवर्षी शाकारणीचे हजार-दोन हजार मागायला गेलं की "गेल्या वर्षी चालत होती ना" हे ऐकावं लागतं. नवीन साइटचे पन्नास हजार मागणं त्यापेक्षा सोपं जातं, हे मी अनुभवाने सांगतो. सगळं टाका आणि नवीन करा असं सांगणाऱ्यांपैकी काहींचं गणित तिथे असतं, सगळ्यांचं नाही.

काकांच्या साइटीचं म्हणाल तर ती पीएचपी 8 वर आहे, मी गेल्या पावसात नेली, तीन रात्री लागल्या, आणि 25 व्या फळाच्या ओळीशेजारी यावेळी मराठीत चार ओळी लिहून ठेवल्यात. पण हे काकांना पटत नाहीये. सोमवारपासून ते मला दोनदा विचारून गेलेत की पुण्याला कोणाला तरी दाखवून घेऊ का. माझ्या तोंडच्या सांगण्यापेक्षा त्यांचा तुमच्या छापलेल्या अक्षरावर विश्वास जास्त, चाळीस वर्षं ते तुमचा पेपर घेतात.

तेव्हा विनंती एवढीच की पीएचपी बंद पडलेली नाही अशी दोन ओळींची दुरुस्ती छापावी. माझं बाकीचं पत्र जागेअभावी कापलंत तरी चालेल. फक्त दुरुस्ती पान पाचवरच घ्या, पहिल्या पानावर नको, कारण काका पहिलं पान वाचतच नाहीत, म्हणतात त्याच्यात सगळं राजकारण असतं.

माझं नाव छापू नये, गिऱ्हाइकं ओळखतील.

आपला एक वाचक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग